मे महिन्यात तापणाऱ्या गाडीचं मूळ कापसात

चाळीसगाव सोडून कन्नड रस्त्याला लागलं की अजिंठा-सातमाळ्याचा डोंगर समोर आडवा येतो. माझं गॅरेज याच रस्त्यावर, घाट लागायच्या आधी. एप्रिल उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या कामात तापलेल्या गाड्या जास्त असतात, आणि त्यातही पिकअप. केळी, लिंबू, भाजीपाला घेऊन संभाजीनगरच्या मार्केटला निघालेली पोरं अर्ध्या घाटात बॉनेट उघडून उभी असतात. कोणी ओढून खाली आणतं, कोणी गाडी थंड करून उतारावर न्यूट्रल सोडून येतं. (घाटात न्यूट्रल टाकू नका. इंजिनाचा ब्रेक जातो, आणि ब्रेकच तापले तर गाडी थांबत नाही.)

या गाड्यांबद्दल मला बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. कारण यातल्या कितीतरी गाड्यांचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, विनाकारण खोललं जातं. गाडी तापली, पाणी कमी झालं, म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) गेलं, असं सरळ सांगून मोकळं होतात. हेडचं काम म्हणजे ज्याची गाडी हप्त्यावर आहे त्याचा अख्खा हंगाम गेला. आणि एवढं करून गाडी पुढच्या घाटात पुन्हा तापते, कारण दुखणं हेडमध्ये नव्हतंच.

यंदाच्या मे मधली एक गाडी सांगतो. भडगावकडचा एक पोरगा, सोबत त्याचे वडील. आम्ही त्यांना आप्पाच म्हटलं. गाडी कॉमन रेल डिझेल, एसीवाली, मागे लिंबाच्या गोण्या. पोरगा उतरल्या उतरल्या म्हणाला, “दादा, हेड खोलनं पडी म्हने.” आधीच्या ठिकाणी त्याला तसं सांगितलं होतं. आप्पा काही बोलत नव्हते, नुसते गोण्यांकडे बघत होते. लिंबू उन्हात किती वेळ टिकतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मी पाना उचलत नाही. आधी विचारतो. कुठं तापते, कधी तापते, आणि तापल्यावर आपोआप उतरते का. हे तीन प्रश्न नीट विचारले तर निम्मं काम तिथंच होतं.

“घाटमा तापस. सपाटीवर काहीच नई,” पोरगा म्हणाला.

“आणि गावात, बाजारात उभी असली तर?”

“एसी लावा का काटा वर सरकस.”

“घाट संपल्यावर?”

“कन्नडले जाईसन काटा खाले येस.”

आता यातून काय कळतं ते बघा. हेड गॅस्केट फुटलेली गाडी अशी वागत नाही. गॅस्केटमधून सिलेंडरचा दाब पाण्यात शिरत असेल, तर सकाळी थंड गाडी चालू केल्यावर थोड्याच वेळात वरचा होज पाईप दगडासारखा कडक होतो, रिझर्व्ह बाटलीत बुडबुडे येतात, पाणी बाहेर फेकलं जातं. मग ती सपाटीवरही तापते. आणि एकदा पाणी फेकलं की वर गेलेला काटा गाडी पळवून खाली येत नाही. ही गाडी मात्र धुळे रस्त्यावर ८० ने पळते तेव्हा ठीक असते. समोरून वारा मिळाला की ठीक, वारा कमी झाला की तापते. घाटात काय होतं? गाडी सेकंडला असते, इंजिन जोरात फिरतंय, डिझेल भरपूर जळतंय, पण गाडीचा वेग सायकलीचा. त्या वेळी रेडिएटरमधून, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या समोरच्या जाळीतून, हवा ओढायचं सगळं काम एकट्या फॅनवर येतं. म्हणून घाटात आणि बाजारात तापणारी, पण रस्त्यावर न तापणारी गाडी आली की मी पहिल्यांदा हवेचा रस्ता बघतो. उलट, सपाटीवर वेगात तापणारी आणि उभी असताना ठीक राहणारी गाडी असेल तर पाण्याचा रस्ता बघायचा: आतून चोंदलेला रेडिएटर, पाण्याच्या पंपाची झिजलेली पाती, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅटचा वॉल (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडचा रस्ता उघडतो तो), किंवा जास्त रेसवर आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होज.

तरी मनात शंका ठेवून कोणाला घरी पाठवायचं नाही, म्हणून गॅस्केटची परीक्षा केलीच. टोपण काढण्यासाठी इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, मग गाडी चालू केली. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवून त्यातल्या निळ्या द्रावणातून आतली हवा ओढली. जळलेल्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरत असेल तर हे द्रावण निळ्याचं हिरवं आणि मग पिवळं होतं. ते निळंच राहिलं. ऑइलची डिपस्टिक काढली, ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. मग सिस्टीमला हातपंपाने दाब देऊन ठेवला, काटा हलला नाही, म्हणजे गळतीही नाही. पोराला प्रत्येक गोष्ट दाखवली. आप्पांनाही दाखवली. माणसाचे पैसे लागणार असतील तर त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, हे मी उस्तादांकडून शिकलो आणि तेच मी माझ्याकडच्या पोरांना शिकवतो.

नंतर स्कॅनर लावून गाडी जागेवर चालू ठेवली आणि एसी लावला. डॅशबोर्डचा काटा मधोमध होता, पण स्कॅनरवर पाणी ९८, १०१, १०४ असं चढत गेलं. बहुतेक नव्या गाड्यांचा काटा असाच बांधलेला असतो, मधल्या मोठ्या टप्प्यात तो हलतच नाही. काटा हलला तेव्हा पाणी आधीच बरंच वर गेलेलं असतं. दुसरी एक गोष्ट त्याहून धोक्याची. पाणी पूर्ण संपलं तर सेन्सर कोरड्यात राहतो आणि काटा कधीकधी उलट खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली, आणि तो चालवत राहतो. इंजिन बसलेल्या गाड्यांमध्ये हे कारण मी बघितलंय.

१०४ वर मी रेडिएटरसमोर कागद धरला. चांगला फॅन कागद जाळीला चिकटवून धरतो. इथे कागद गळून खाली पडला. फॅन फिरत होता, पण ओढ नव्हती.

गाडी बंद करून फॅन हाताने फिरवला. या गाडीत इंजिनावर चालणारा फॅन आहे, मधे व्हिस्कस क्लच. आत सिलिकॉनचं ऑइल असतं, आणि पुढे दोन धातूंची एक पट्टी. रेडिएटरमधून गरम हवा आली की पट्टी आतला रस्ता उघडते, ऑइल पुढे येतं आणि फॅनला इंजिनासोबत घट्ट बांधतं. गरम गाडीत हा फॅन हाताला जड लागला पाहिजे. हा सुळकन फिरला. क्लचच्या कडेला तेलकट धुळीचा थर होता, म्हणजे ऑइल कधीचंच गळून गेलेलं.

इथेच थांबलो असतो तर गाडी बरी झाली असती, पण पुढच्या मे मध्ये परत आली असती. मी बॅटरीचा दिवा घेऊन एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसणारी एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बघितलं. तिथे पांढुरकं काहीतरी दिसलं. पुढचं बंपर उतरवलं, कंडेन्सरचे बोल्ट काढले आणि गॅसचे पाईप न सोडता तो अलगद पुढे सरकवला. रेडिएटरच्या जाळीवर कापसाचा थर बसला होता. वरून धूळ, चिलटं, थोडं डिझेलचं वंगण. वरपासून खालपर्यंत गोधडी पांघरल्यासारखा. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसत होता, कारण ड्रायव्हर गाडी धुताना समोरून पाण्याचा फवारा मारतो. त्या फवाऱ्याने सगळं मागे ढकललं आणि ते दोन जाळ्यांच्या मधे अडकून बसलं.

आप्पांनी बोटाने तो थर उचलला आणि पहिल्यांदा बोलले, “आपलाच कापूस शे हाऊ.”

होय. दिवाळीनंतर ही गाडी खेडा खरेदीच्या कापसावर होती. गावोगावचा कापूस भरायचा आणि जिनिंगच्या आवारात रांगेत उभं राहायचं. रांग तासन् तास, गाडी पुढे सरकवायला चालू-बंद, एसी नाही तरी फॅन फिरतोय, आणि आवारात सगळीकडे तंतू उडतायत. फॅन ते सगळं ओढून घेतो. खानदेशात कापसावर फिरलेल्या प्रत्येक गाडीत हे होतं, छोट्या मोठ्या प्रमाणात.

मग गाडी डिसेंबरातच का तापली नाही? पोराने हेच विचारलं, आणि मला हा प्रश्न फार आवडला. रेडिएटर उष्णता किती टाकणार हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर असतं. इंजिनातलं पाणी ९० अंशावर धरा. जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे हवा १५ असते, फरक ७५. मे मध्ये दुपारी हवा ४५, फरक तेवढाच ४५. म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, तेवढाच वारा, तरी उष्णता टाकायची ताकद थंडीतल्या ६० टक्क्यांवर आली. इंजिन मात्र चढावर तेवढंच तापतं. डिझेलच्या उष्णतेतला साधारण पाव ते एक तृतीयांश वाटा पाण्यात जातो, त्याला उन्हाळा-हिवाळा माहीत नाही. थंडीत अर्धी जाळी बंद असली तरी उरलेली अर्धी भागवून नेते. मे मध्ये पूर्ण जाळी उघडी असली तरच जेमतेम पुरतं. म्हणून कापसात लागलेला आजार थंडीभर लपून राहतो आणि उन्हाळ्यात घाटात उघडा पडतो. जळगाव, भुसावळ, रावेरकडे पारा ४५ च्या वर जातो. तिकडच्या केळीच्या गाड्यांना घाट नसतानाही हेच भोगावं लागतं, मळ्यातून कच्च्या रस्त्याने फर्स्टला निघताना.

जाळी साफ करायची एक पद्धत आहे. पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेने परत जाते. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारायची नाही, ॲल्युमिनियमच्या फिन्स कागदासारख्या मुडपतात आणि मुडपलेली फिन म्हणजे कायमची बंद खिडकी. आम्ही थर आधी हाताने, मग मऊ ब्रशने काढला, साबणाचं पाणी मुरवत ठेवलं आणि साध्या नळीने धुतलं. कंडेन्सरही तसाच मागून.

आता पाण्याकडे. रेडिएटरचं टोपण उघडलं तर आत कूलंटचा (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या रंगीत द्रावणाचा) रंगच नव्हता, चहासारखं गंजकं पाणी. बोअरचं पाणी वरून भरत राहिल्याने. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं आहे, घागरीच्या तळाला पांढरा थर बसतो तो सगळ्यांनी पाहिलाय. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पूर्वीचे तांब्या-पितळेचे रेडिएटर खोलून, आत पट्टी फिरवून, पुन्हा डाग देऊन वापरता यायचे. आताचे ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या, ते तसे खोलता येत नाहीत, चोंदले की बदलायचे. कूलंटचं काम नुसतं उकळू न देण्याचं नाही. त्यात गंज रोखणारं औषध असतं, ब्लॉक लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असलेल्या इंजिनाला ते लागतंच. थंडी पडत नाही म्हणून आपल्याला कूलंट नको, हे मी खूप ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकतो आणि प्रत्येक वेळी समजावून सांगतो.

या गाडीच्या जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवून बघितलं. आतून चोंदलेल्या नळ्या गार लागतात. वरून खाली तापमान हळूहळू उतरत गेलं, मधेच गार पट्टा कुठे नव्हता. रेडिएटर वाचला. गंजकं पाणी काढून उलट्या बाजूने फ्लश केलं, पाणी नितळ येईपर्यंत.

टोपण तपासलं. त्यावर १.१ बार लिहिलेलं होतं, टेस्टरवर ते ०.६ लाच सोडत होतं. लोक टोपणाला झाकण समजतात. ते खरं तर वॉल आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० ला उकळतं, १.१ बारचा दाब धरला तर १२० च्या पुढे जातं. ०.६ ला ११३ च्या आसपास. म्हणजे घाटात हातात असलेले आठ-नऊ अंश टोपणाने घालवले होते. पाणी कमी होत होतं ते याच वाटेने, आणि त्यालाच आधीच्या ठिकाणी गॅस्केट समजलं गेलं. टोपण बदलायला किती पैसे लागतात ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकलेला होता. यावर मला स्पष्ट लिहायचंय, कारण “आपल्याकडं गरमी, वॉल काढून टाक” हा सल्ला खानदेशभर चालतो. या इंजिनाच्या वॉलला खाली दुसरी टिकली असते. इंजिन गरम झालं की वरचा रस्ता रेडिएटरकडे उघडतो आणि त्याच वेळी खालची टिकली बायपासचा रस्ता बंद करते. वॉल काढला की बायपास कायमचा उघडा. इंजिनातून निघालेलं गरम पाणी, त्यातला मोठा वाटा रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परत. चढावर गाडी तापते ती यानेही. आणि थंडीत तेच इंजिन गरम व्हायला वेळ लावतं, डिझेल जास्त पितं, आतून झिजतं. वॉल खराब झाला असेल तर बदला. भांड्यात पाणी गरम करून त्यात सोडून बघा, साधारण ८२ ला उघडायला लागला पाहिजे. किती अंशाचा आहे ते वॉलवरच छापलेलं असतं.

मग नवा फॅन क्लच, नवं टोपण, नवा वॉल, आणि कूलंट निम्मं, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. भरताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, हवा काढायचा स्क्रू सैल केला. आत हवा कोंडून राहिली की नवं सामान टाकलेली गाडीही तापते आणि दोष सामानाला जातो. पाण्यातून बुडबुडे थांबेपर्यंत घाई केली नाही.

फॅनसमोर कागद धरला, तो फटकन चिकटला. पोरगा हसला.

लिंबू आम्ही आधीच दुसऱ्या गाडीत भरून मार्केटला पाठवले होते, म्हणून चाचणीला वजन म्हणून आमच्या शेजारच्याच्या खताच्या गोण्या टाकल्या, गाडीच्या पासिंगमध्ये, म्हणजे कागदावर मंजूर असलेल्या वजनात, बसतील तेवढ्याच. भर दुपारी घाटात नेली, एसी लावून. स्कॅनर आप्पांच्या हातात दिला. चढावर ९६ पर्यंत गेला, फॅनचा घोंगावणारा आवाज आला आणि ९२ वर उतरला. तो आवाज आला की घाबरू नका. क्लच घट्ट झाला की फॅन असाच गर्जतो. ज्यांची गाडी घाटात कधीच अशी गर्जत नाही त्यांनी क्लच तपासून घ्यावा.

पासिंगचं बोललो म्हणून सांगतो, दुप्पट माल भरलेल्या गाडीला कुठलाही रेडिएटर पुरत नाही. समोरच्या जाळीवर देवाच्या नावाची फ्लेक्स, मोठाले दिवे आणि लोखंडी गार्ड लावून हवेचं तोंड बंद करणाऱ्यांनाही हेच. देवाचं नाव काचेवर लिहा, जाळी मोकळी ठेवा.

घाटात गाडी तापलीच तर काय करायचं ते आप्पांनी विचारलं, तेही लिहितो. एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि पूर्ण जोरात. पाय भाजतील, पण तो दुसरा छोटा रेडिएटर आहे. बाजूला घेऊन गाडी लगेच बंद करू नका, थोडा रेस देऊन चालू ठेवा म्हणजे पंप आणि फॅन फिरत राहतील. मात्र वाफ येत असेल, पाणी सांडलं असेल, पट्टा तुटला असेल, तर त्या क्षणी बंद. टोपणाला हात लावायचा नाही. आत दाबाखालचं पाणी १०० च्या वर असतं, टोपण सैल झालं की एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. हात, चेहरा भाजलेली माणसं मी बघितली आहेत. होज हाताने दाबता येईल इतका मऊ झाला, म्हणजे अर्धा-पाऊण तास तरी गेला, की मग कापड धरून हळू उघडा. आणि तापलेल्या इंजिनात बाटलीचं गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनियमचं हेड तिथंच वाकतं, मग मात्र खरोखरच हेड खोलावं लागतं, पट्टी आणि फीलर गेज लावून सपाटी तपासावी लागते, फेस मारायला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला, पाठवावं लागतं.

पोराने जाताना विचारलं की येत्या कापसाला काय करू. मी त्याला समोरच्या ग्रिलच्या आत बसेल अशी बारीक तारेची जाळी फ्रेमवर करून घ्यायला सांगितलं. ती फक्त कापसाच्या हंगामात लावायची, रोज संध्याकाळी काढून झटकायची, आणि होळीच्या आधी काढून ठेवायची, कारण उन्हाळ्यात तीसुद्धा हवा अडवते. जिनिंगच्या रांगेत थांबायचं असेल तर इंजिन बंद. आणि शेवटची खेप टाकली की कंडेन्सर पुढे सरकवून मधली फट साफ करून घ्यायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे. माझ्याकडेच या असं नाही, ज्याला बोल्ट काढता येतात आणि जो प्रेशर गन मारत नाही अशा कोणाकडूनही करून घ्या, पण मार्चच्या आत.